मानाची रेघ

९ एप्रिल, बुधवार

संध्याकाळच्या वर्गाला आज जहाजांचा जुना कायदा. अभ्यासक्रमात असतो, परीक्षेत कधी येत नाही, म्हणून दर वर्षी माझ्याच गळ्यात. पहिल्याच वाक्याला मागच्या बाकावरून, "मॅडम, सोलापुरात समुद्र कुठाय?" सगळे हसले. मीही. म्हटलं, बाबा रे, कायद्याला पाणी लागत नाही, माणसं लागतात. (वाक्य बरं जमलं. पुढच्या वर्षी पुन्हा वापरणार.)

मग रेघेची गोष्ट. इंग्रजांच्या काळात मालक जहाजं ठासून भरायचे. बुडालं तर विमा, मरायचे खलाशी. फार ओरड झाली तेव्हा कायदा आला, की जहाजाच्या अंगावर एक रेघ मारा, ती पाण्याखाली गेली म्हणजे भार जास्त झाला. पण रेघ कुठं मारायची ते सुरुवातीला ठरवायचं मालकानंच! एकानं म्हणे थेट धुराड्यावर मारली. वर्ग खूष. झोपलेलेही जागे झाले.

घरी आले तर धाकट्या बहिणीचा, मंदाचा फोन. शनिवारी त्यांच्या देवीची पालखी. "ये की गं ताई, सारकं काय कोर्ट कोर्ट करतीस." नाव रंगवून झाली म्हणाली, फोटोही पाठवला. निळीशार, झेंडूच्या माळा, हळदकुंकू. नीट न बघताच अंगठा पाठवून दिला. जाणार नाही. ऊन, गर्दी, त्यात देवीचं ठाणं धरणाच्या फुगवट्यापलीकडे, नावेतून जायचं. मला पोहता येत नाही. मंदाला तरी कुठं येतं म्हणा.

१२ एप्रिल, शनिवार

बाळासाहेबांचा फोन. मंदाचा नवरा. हा माणूस कधी भरभर बोलत नाही, आज शब्द एकमेकांवर पडत होते. नाव उलटली. ठाण्याकडं जाताना. मध्यावर वळवाचा वारा सुटला आणि

मंदा? मंदा दुसऱ्या फेरीसाठी काठावर थांबली होती. मंदा आहे.

सुमन नाही. मंदाची धाकटी जाऊ.

मी "बरं" म्हणाले. बरं! असं कसं आलं तोंडातून? पिशवी भरली आणि निघाले. पिशवीत काय भरलं ते मोहोळला उतरल्यावर पाहिलं, दोन टॉवेल आणि एका भाडेकरूच्या दाव्याची फाईल.

१३ एप्रिल, रविवार. मंदाकडे.

तिघी गेल्या. सुमन, आणि भजनातल्या दोघी. बाकीच्यांना ज्ञानूनं आणि मासेमारीच्या होड्यांनी वर काढलं. ज्ञानू म्हणजे नाव चालवणारा, पालखी कमिटीनं पगारावर ठेवलेला. कमिटीचे अध्यक्ष आमचे बाळासाहेब. नाव कमिटीची.

पालखी आपोआप काठाला लागली. लोक तिच्या पाया पडत होते. मला राग आला. देवीचा नाही, कुणाचा तेही सांगता येत नाही.

स्वयंपाकघरात पुरणाचं पातेलं तसंच. सुमननं काल सकाळी वाटून ठेवलं होतं, परत आल्यावर पोळ्या लाटायच्या म्हणून. आंबूस वास सुटला होता. मंदानं ते उचललं, गाईपुढं ठेवलं, पातेलं घासलं, उपडं घातलं. रडली नाही. एकदाच म्हणाली, "ती म्हनली, तू माग्नं ये, मी जागा धरती." पुन्हा घासायला दुसरं भांडं शोधायला लागली. घासायला काही उरलं नव्हतं.

मी तिच्याशेजारी बसून राहिले.

१५ एप्रिल, मंगळवार. सोलापूर.

ज्ञानूला पोलिसांनी नेलं. गावात सगळ्यांच्या तोंडी एकच, वारा सुटल्यावर त्यानं नावेचं तोंड चुकीच्या बाजूला वळवलं. बघायला कोण होतं? सगळेच होते म्हणे.

चौकशी लागली आहे, इथंच, सोलापुरात. बाळासाहेब आले होते. माझ्या भवानी पेठेतल्या खोलीत त्यांना नेहमी खुर्ची पुरत नाही, आज कोपऱ्यात मावले. कमिटीचं म्हणणं लिहून द्या म्हणाले.

"ताई, मानसं जास्त नव्हती. ह्यो बगा फोटू. निगताना कुनीतरी काडलाय. सरकारी रेघ पान्याच्या वर टीचभर हाय."

खरंच होती. निळ्या अंगावर पांढरी रेघ, पाण्याच्या चांगली वर. बोटींच्या खात्यानं नाव दिली तेव्हा मारून दिलेली. रेघ दिसते, म्हणजे भार कायद्यात. मग उरतो चालवणारा.

एक विचारलं, नावेत इतके लोक का चढू दिले? बाळासाहेब म्हणाले, पालखीबरोबर जो चढला त्याला खाली उतर म्हणत नाहीत. देवीनं बसवलेला माणूस आपण कसा उठवायचा. ज्ञानू म्हणाला होता, लई झाली. मग त्यालाच म्हटलं, रेघ बघ. त्यानं रेघ बघितली आणि इंजिन चालू केलं.

लिहायला घेतलं. खोटं कशाला बोलू, हाताला काम मिळालं म्हणून बरं वाटलं.

१७ एप्रिल, गुरुवार

वर्ग. विषय पुढचा, जहाज बुडाल्यावरची चौकशी. मॅजिस्ट्रेट बसायचा, शेजारी समुद्र जाणणारे दोघे. कप्तानाला उभं करायचे. त्याचं सर्टिफिकेट रद्द करायचं हातात होतं, ते करायचे आणि उठायचे. खलाशानं आधीच तक्रार केली की जहाज धड नाही, तर एकट्यादुकट्याकडून आधी तारण मागायचे, तक्रार खोटी निघाली तर खर्च कोण देणार म्हणून.

तोच मागच्या बाकावरचा. आज हसत नव्हता. "मॅडम, आपल्याकडं पन झालं की."

हो म्हटलं. पुढचं पान उघडलं आणि वर्ग दहा मिनिटं आधी सोडला. कारण डोकं दुखतंय असं सांगितलं.

१९ एप्रिल, शनिवार

हे लिहून ठेवते, नाहीतर उद्या मला वाटेल मी चुकीचं ऐकलं.

सकाळी गावी गेले. मंदा म्हणाली, पाण्याकडं चल, घरात जीव घुसमटतोय. नाव जेसीबीनं ओढून काठावर घातलीय, एका कुशीवर. पत्र्याची नाव, वाळल्यावर रंगाचे पोपडे सुटायला लागलेत. आम्ही जवळ गेलो. मंदानं पदरानं त्या पांढऱ्या रेघेवरचा चिखल पुसला. अगदी मुलाचं तोंड पुसावं तसा.

"यंदा लई सरळ आलती," म्हणाली.

काय?

"रेघ गं. आमच्या घरचा मान न्हाय का. पालखीआदी घरच्या दोन सवाष्णींनी नावेला रेघ मारायची, हळदकुकू लावायचं. सुमी दोरी धरायची, मी मारायची. ती लगीन हून आली त्याच साली नाव आली, तवापास्नं आमी दोघीच."

मी विचारलं, पण सरकारनं मारलेली रेघ होती ना? तीच पुन्हा रंगवायच्या?

"ती कुटली. ती ओली आसती, शेवाळलेली. नाव पान्यातच असती की, खाली रंग धरत न्हाय. मग आमी जरा वर, कोरडं बगून मारायचो. जुन्यावर निळा फिरवायचा. दरसाली आसंच."

दरसाली. जरा वर.

मी रेघेखाली हात फिरवला. निळ्या रंगाखाली एक उंचवटा लागला. त्याच्याखाली आणखी एक. आणखी. जिन्यासारख्या. किती ते मोजलं नाही, मोजवेना. अगदी खाली गंजात पत्र्यावर ठोकलेली खूण बोटाला लागली, खात्यानं ठोकलेली. तिथून वरच्या रेघेपर्यंत माझा हात कोपरापर्यंत जातो.

मंदा विचारत होती, "काय झालं गं? ऊन लागलं का?" हो म्हटलं, ऊन लागलं. तिनं ओंजळीत पाणी आणून माझ्या डोक्यावर घातलं. त्याच पाण्यातलं.

२० एप्रिल, रविवार

दिवसभर घरात. खाली मागाचा आवाज नेहमीसारखा. शेजारच्या पद्माताईंनी हाक मारली, जेवली का. तेलुगूत काही म्हणाल्या नवऱ्याला, बहुधा माझ्याबद्दलच. दार लोटून घेतलं.

मी वर्गाला हसवलं होतं धुराड्यावरच्या रेघेवरून. तिथं मालक लबाड होता. इथं लबाड कोण? दोन जावा, नव्या साड्या नेसून, एकीनं दोरी धरायची. त्यांना ती नावेचं कुंकू वाटत होती. कुणी सांगितलंच नाही की हे माप आहे. एवढं साधं मला सुचू नये? पाच वर्षं मंदा फोटो पाठवतेय. पाच वर्षं मी अंगठे पाठवतेय.

आता सरळ हिशेब. मी गप्प राहिले तर फोटोतली रेघ खरी ठरते, नावेवर भार नव्हता असं ठरतं, आणि ज्ञानू तिघींच्या मरणाला एकटा जबाबदार. बोलले तर ज्ञानू सुटायची वाट आहे. पण मग पहिला प्रश्न येणार, रेघ वर कुणी नेली? आणि कायद्याचं राहू दे बाजूला, मंदाला कळणार. की आपल्या हातानं आपण.

पुढचं लिहवत नाही.

२३ एप्रिल, बुधवार

ज्ञानूची बायको आली होती, पारू. पत्ता विचारत विचारत, बसस्टँडपासून चालत. दारातच बसली. आत ये म्हटलं तर, "न्हाय बाई, हितंच बरं हाय."

मी म्हटलं, मी कमिटीच्या बाजूनं लिहितेय, तुझ्याशी बोलणं बरं दिसणार नाही. तिनं मान हलवली. जणू मी हवापाण्याचं काही बोलले.

"ते म्हनत्यात, म्या रेघ बगूनच निगालो. रेघ दिसत हुती. मग नाव आशी कशी बसली पान्यात? त्येंला तेच कळंना झालंय. रोज तेच इचारत्यात."

ती उठली. कागदात बांधलेली शेंगाची चटणी उंबऱ्यावर ठेवली. "मंदावैनींच्या भैन तुमी. म्हनून आले," एवढंच. मागितलं काहीच नाही. मागितलं असतं तर मला चिडता आलं असतं.

चटणी दुपारी भाकरीबरोबर खाल्ली. खायला नको होती असंही वाटलं. चांगली झाली होती.

२६ एप्रिल, शनिवार

बाळासाहेबांना मोहोळला बोलावलं, स्टँडजवळच्या हॉटेलात. गावात नको होतं. नावेवर काय दिसलं ते सांगितलं. वाटलं होतं चकित होतील.

चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "मला ठावं हुतं."

पुन्हा विचारलं.

"नाव ताब्यात घेताना सायबानं सांगितलं हुतं की, ही खून हाय, हिच्या खाली पानी पायजे. पन मान आमच्याच घरचा. पैल्या साली रेघ वाईच वर आली. म्हनलं दोन बोटांनी काय हुतंय. बायकांच्या आनंदात आपन कशाला. फुडल्या साली बी तेच म्हनलं."

तीन बायका, म्हटलं. तुमच्या भावाची बायको. आणि पोलिसांत तुम्ही ज्ञानूकडं बोट दाखवलंत! मी ओरडले असणार, कारण गल्ल्यावरचा माणूस उठून उभा राहिला.

बाळासाहेबांचे डोळे भरले. हा माणूस वाईट असता तर किती सोपं झालं असतं. "ताई, रेघ कुनी मारली म्हनून इचारलं तर मंदाचं नाव येतंय. सुमीचं बी. मेलेल्या बाईचं! माझ्या भावाला काय सांगू? तुजी बायको तिच्या हातानं मेली म्हनू? ज्ञानूला आमी सोडवू नंतर, वकील दिऊ चांगला, घर बगू त्येचं."

तुम्ही स्वतः उभे राहा म्हटलं. माहीत होतं म्हणून सांगा. त्यांनी बशीकडे पाहिलं.

वकीलपत्रावर अजून सही केलेली नाही, तेवढं नशीब. कमिटीचं काम सोडलं, तिथंच सांगितलं. बाहेर आले. उसाचा रस घेतला.

२९ एप्रिल, मंगळवार

चौकशीची पहिली तारीख. अधिकारी सभ्य वाटले. शेजारी खात्याचा एक तज्ज्ञ. मला वर्गातलंच चित्र दिसत होतं, फक्त वर पंखा विजेचा. फोटो टेबलावर फिरला. तज्ज्ञ म्हणाले, रेघ पाण्याच्या बरीच वर आहे, म्हणजे भार मर्यादेत दिसतो. नाव प्रत्यक्ष पाहिलीत का, असं कुणीच विचारलं नाही. बाळासाहेब खाली मान घालून.

ज्ञानूला उभं केलं. दाढी वाढलेली. तो एवढंच म्हणाला, "सायेब, रेघ दिसत हुती." साहेब म्हणाले, तेच तर. तेच तर! त्याचं एकच खरं वाक्य, आणि तेच त्याच्या गळ्यात.

मी उठून म्हणाले, मला साक्ष द्यायची आहे. कशाबद्दल? नावेच्या रेघेबद्दल. बाळासाहेबांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. शुक्रवारी या म्हणाले.

आता मंदानं हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं नाही.

१ मे, गुरुवार

सुट्टी. मंदाला इकडं बोलावून घेतलं, दवाखान्याचं निमित्त सांगून. जेवली. पद्माताईंकडची आमटी आवडली म्हणाली. मग मी सांगितलं. फार वकिली न करता. रेघ कशासाठी असते, खाली खूण कुठं आहे, रेघ वर गेल्यावर काय होतं.

तिला कळायला वेळ लागला. मला वाटत होतं रडेल, मारेल मला. तिनं आपले दोन्ही हात उलटेसुलटे करून बघितले. मग, "कुनाला ठावं हुतं?"

खोटं बोलता आलं असतं. बोलले नाही. बाळासाहेबांना, म्हटलं.

मग म्हणाली, "दरसाली फोटू त्येच काडायचे. म्हनायचे, हसा की दोघी."

मी तिला जवळ घ्यायला गेले, तिनं हात बाजूला केला. शेवटच्या गाडीच्या आधीच गेली. उद्या ये असं मी म्हणाले नाही. म्हणायचं होतं.

हे मी काय केलं? एकाला सोडवायला माझ्याच बहिणीला पाण्यात ढकललं, असं वाटतंय. बरोबर केलं हेही माहीत आहे. माहीत असून काही उपयोग नाही.

२ मे, शुक्रवार. चौकशीच्या आवारात, बाकावर.

मंदा आली. एकटी. आतल्या व्हरांड्यात एकच बाक, त्यावर पारू. ती सरकली, मंदा तिच्याशेजारी बसली.

माझी साक्ष आधी. बहिणीबरोबर नाव बघायला गेले ते, खालची खूण, रंगाचे थर, सगळं सांगितलं. तज्ज्ञ उभेच राहिले. नाव आजच खरवडून बघा असा हुकूम झाला. ज्ञानू माझ्याकडे बघत होता, त्याला अजून नीट कळलं नव्हतं. मग हळूहळू कळलं, आणि तो मटकन खाली बसला. शिपायानं उठवायचा प्रयत्न केला, साहेब म्हणाले, राहू द्या.

मग यायचा तो प्रश्न आला. रेघ वर कुणी नेली?

मी तोंड उघडायच्या आत मंदा दारातून आत आली. कुणी बोलावलं नव्हतं. "म्या," म्हणाली. "माज्या घरचा मान हाय. दरसाली म्याच मारती."

"एकट्याच?"

"व्हय. एकलीच."

बाळासाहेब उठले होते काहीतरी म्हणायला, ते तसेच राहिले, ना उभे ना बसलेले. दिराचे डोळे मंदावर. सुमनचा नवरा, समोरच्याच रांगेत.

साहेबांनी लिहून घेतलं. मग माझ्याकडे वळून, "तुमच्या समोर यांनी हे सांगितलं होतं ना? एकटीनं मारत होते असंच सांगितलं?"

मी म्हटलं, पाणी मिळेल का. जेवणाची वेळ झालीच होती. सुट्टी दिली.

आता मंदा समोर पिंपळाखाली उभी आहे. पारूनं तिला डब्यातली अर्धी भाकरी दिली, ती हातात धरून. मगाशी माझ्याजवळ येऊन गेली.

"माजं नाव ऱ्हाऊ दे, ताई. काय व्हईल ते हू दे. सुमीचं घिऊ नगंस."

मी म्हटलं, मंदे, मी शपथेवर आहे.

"ती पान्यात एकदा बुडलीया. आता तिला कागदावर कशाला बुडवतीस?"

तीन वाजता पुन्हा बसणार आहेत. पहिलं नाव माझं आहे.